‘हाजिमे नो इप्पो’ : आधी अ‍ॅनिमे, मग मांगा, काही महिन्यांचा अनुभव

१४० हून जास्त खंड आणि १,४०० च्या वर प्रकरणं हे आकडे ऐकूनच बरेच जण ‘हाजिमे नो इप्पो’च्या वाटेला जात नाहीत. जॉर्ज मोरिकावा यांची बॉक्सिंगवरची ही मांगा (जपानी चित्रकथा) १९८९ पासून जपानच्या ‘वीकली शोनेन मॅगझिन’मध्ये येते आहे आणि अजून संपलेली नाही. मी आधी सगळा अ‍ॅनिमे (तिच्यावरची अ‍ॅनिमेशन मालिका) पाहिला आणि आता काही महिन्यांपासून मांगा वाचतो आहे. नव्याने सुरू करणाऱ्याला एवढंच सांगेन की आकड्यांकडे बघू नका. २००० सालचा पहिला सीझन लावा आणि नायक इप्पो आणि त्याचा जिममधला प्रतिस्पर्धी मियाता यांच्या दुसऱ्या स्पारिंगपर्यंत (सरावाच्या लढतीपर्यंत) जा. तिथेही मन रमलं नाही तर खुशाल सोडा.

पाहायचा क्रम सोपा आहे, पण त्यात एक चूक सर्रास होते. मॅडहाउस स्टुडिओने केलेला पहिला सीझन २००० ते २००२ चा, ७५ भागांचा. त्यानंतर लोक थेट २००९ च्या ‘न्यू चॅलेंजर’वर उडी मारतात. मधली २००३ ची दोन कामं राहून जातात : ‘चॅम्पियन रोड’ हा टीव्हीसाठीचा लांब भाग आणि माशिबा विरुद्ध किमुरा ही स्वतंत्र ओव्हीए (थेट व्हिडिओवर आलेला भाग). दोन्ही पाहाच, आणि त्यातही किमुराची लढत. तोवर किमुरा म्हणजे जिममधला दुय्यम खेळाडू, घरच्या फुलांच्या दुकानात राबणारा, विनोदासाठी ठेवल्यासारखा. त्या एका लढतीत कळतं की या मालिकेत कुणीच दुय्यम नाही. ‘न्यू चॅलेंजर’ झालं की २०१३ चं ‘रायझिंग’. अ‍ॅनिमे तिथे थांबतो, मांगा मात्र पुढे खूप लांब गेलेली आहे.

कथा थोडक्यात अशी. इप्पो माकुनोउची हा शाळकरी मुलगा आणि त्याची आई गिऱ्हाइकांना गळाने मासे पकडायला समुद्रात नेण्याचा व्यवसाय करतात. शाळेत त्याला मार खावा लागतो. ताकामुरा नावाचा बॉक्सर त्याला वाचवतो, आणि इप्पोच्या डोक्यात एक प्रश्न बसतो : बलवान असणं म्हणजे नेमकं काय? इथवर हे ओळखीचं वाटेल. पण लेखक त्याला चमत्काराने बॉक्सर करत नाही. हलत्या होडीवर उभं राहून त्याचे पाय आणि कंबर पक्की झालेली, जड खोकी उचलून पाठ तयार झालेली. त्याच्या ठोशात ताकद कुठून येते याचा हिशोब पहिल्याच भागांत मांडलेला आहे, आणि पुढे प्रत्येक तंत्राचा हिशोब असाच मिळतो.

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते या हिशोबाने. इप्पो बुटका, हात आखूड, म्हणून त्याला माइक टायसनसारखा पीकाबू पवित्रा शिकवला जातो : दोन्ही मुठी गालाशी, सतत हलत आत घुसायचं. गझेल पंच, म्हणजे खाली वाकून झेप घेत मारलेला ठोसा, बॉक्सर फ्लॉइड पॅटरसनचा. डेम्प्सी रोल जॅक डेम्प्सीच्या नावाचा, ज्याने १९१९ मध्ये जेस विलार्डला पाडून हेवीवेट विजेतेपद घेतलं. शरीर आडव्या आठच्या आकारात डोलवायचं आणि परत येतानाच्या वजनासकट डावा-उजवा ठोसा मारायचा. पाहताना वाटतं, आता हा अजिंक्य झाला. मग मालिका स्वतःच दाखवते की ही लय ठरलेली आहे, आणि लय ठरलेली असेल तर समोरचा त्या क्षणाची वाट पाहून काउंटर (उलटा ठोसा) मारू शकतो. शस्त्र देऊन त्यातली खोट लेखकानेच दाखवावी, हे मला फार आवडलं.

कोपऱ्यातली एक मिनिटाची विश्रांती, सुजलेला डोळा दाबणं, वजन उतरवताना पाण्याच्या घोटासाठी होणारी तडफड, हे सगळं इतकं खरं का वाटतं? मोरिकावा स्वतः टोकियोत बॉक्सिंग जिम चालवतात, आपल्या बॉक्सरच्या कोपऱ्यात उभे राहतात. ऐकीव माहितीवर असं लिहिता येत नाही.

आणि प्रतिस्पर्धी! ओसाकाचा सेंदो, आजीच्या खाऊच्या दुकानात वाढलेला. डावा हात खाली सोडून फ्लिकर जॅब (चाबकासारखे झटपट ठोसे) मारणारा माशिबा, ज्याचा आपल्याला राग येतो आणि मग त्याचं घर दिसल्यावर तो राग टिकत नाही. रशियातून परक्या देशात आलेला वोल्ग. वोल्गच्या लढतीत मला कुणाची बाजू घ्यावी तेच कळेना. दाते एइजीबद्दल काही सांगत नाही, ते स्वतःच पाहा.

‘न्यू चॅलेंजर’मधली ताकामुरा विरुद्ध ब्रायन हॉक ही मी पडद्यावर पाहिलेली सर्वोत्तम काल्पनिक लढत आहे. ‘रायझिंग’चा शेवट महायुद्धानंतरच्या जपानमध्ये, प्रशिक्षक कामोगावांच्या तरुणपणात नेतो, आणि तोही तितकाच भारी. आधी कामोगावांना आवाज देणारे केंजी उत्सुमी २०१३ मध्ये गेले, त्यामुळे ‘रायझिंग’मध्ये आवाज वेगळा आहे. दोन-तीन भागांत कान सरावतो.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. ताकामुराचे अंगविक्षेपाचे, नागडेपणाचे विनोद पुन्हा पुन्हा येतात. लहान मुलांसोबत बसून पाहण्यासारखे ते नाहीत, आणि मोठ्यांनाही कंटाळा आणतात. इप्पोला आवडणाऱ्या कुमीसारख्या मुलींच्या वाट्याला वाट पाहणं आणि काळजी करणं याखेरीज फारसं काही येत नाही, हे एवढ्या लांब कथेत जास्तच बोचतं. इप्पो आणि कुमीची गोष्ट वर्षानुवर्षं तिथेच घुटमळते. मांगामध्ये अ‍ॅनिमेच्या पुढे काही लढती विनाकारण ताणलेल्या आहेत.

अ‍ॅनिमे संपल्यावर मांगा कुठून उचलावी? माझं म्हणणं, पहिल्या प्रकरणापासून. वेळ लागतो, पण मोरिकावांचा हात कसा बदलत गेला ते दिसतं. सुरुवातीचे गोल, साधे चेहरे, आणि पुढे ठोसा बसताना गालाची कातडी, घाम, मागे झुकलेली मान यांनी भरलेली दोन-दोन पानं. तीस वर्षांहून जास्त काळ ही मांगा फक्त कागदावर होती, २०२१ मध्ये ती पहिल्यांदा डिजिटल आली. वाचताना मोठा पडदा घ्या, फोनवर ती दुहेरी पानं मरतात. आणि एका बैठकीत एक अख्खी लढत वाचा. मधेच थांबलात तर दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी लागते.