टिळकवाडीतला बिस्मार्क पिझ्झा

मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालोय, त्यामुळे मेन्यूवर ‘बिस्मार्क’ दिसताच तेच मागवलं. ऑटो फॉन बिस्मार्क १८७१ ते १८९० जर्मनीचा चान्सलर. त्याच्या नावाच्या युद्धनौकेनं ब्रिटिशांची ‘हूड’ बुडवली आणि तीनच दिवसांनी, २७ मे १९४१ रोजी, अटलांटिकमध्ये स्वतः तळ गाठला. व्हिनेगरमध्ये मुरवलेला हेरिंग मासाही बिस्मार्कच. इटलीत पिझ्झ्यावर अंडं फोडलं की तो ‘आला बिस्मार्क’, म्हणजे इटालियनमध्ये ‘बिस्मार्कच्या पद्धतीचा’.

इथं बलक वाहता ठेवतात, कडा खरपूस. बलकात बुडवून खाताना सूनबाई म्हणाली, ‘‘मामा, आणि एक सांगूया की!’’ सांगितला. चीज मात्र जरा कमी घालावं. रविवारी सातच्या आत जावा. घट्ट अंडं हवं असेल तर आधीच सांगा.