सांगलीतलं परमिट रूम: बाहेरगावच्या गिऱ्हाईकाला सात महिन्यांत आलेला अनुभव

कामानिमित्त सांगलीत मुक्काम पडणाऱ्यांसाठी हे लिहितोय. विश्रामबाग भागातलं एकच मध्यम परमिट रूम, सात महिने, महिन्यातून दोन-तीनदा.

माणसं चांगली आहेत. एकट्या गिऱ्हाईकाला दाराजवळच्या टेबलावर ढकलत नाहीत. पाणी आणि भडंग न मागता येतं. भडंगात लसूण सढळ, त्यामुळे वेगळा चकणा मागवायची गरजच नाही.

पण बारची सेवा खरी कळते ती मापात. लार्ज ६० मिली, स्मॉल ३०. ७५० मिलीच्या बाटलीत साडेबारा लार्ज. पेगचं माप वर रुंद होत जातं, म्हणून काठाखालच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच बराच माल मावतो. तेवढी जागा रिकामी ठेवली की माप मारलं गेलं. काउंटरवरून बर्फ घालून भरलेला ग्लास आला तर ते ओळखताही येत नाही. त्यामुळे पहिल्याच ऑर्डरला सांगायचं, "दादा, माप टेबलावर करा, बर्फ आणि सोडा वेगळा द्या." इथं त्यावर कधी कुणी तोंड वाकडं केलं नाही, आणि याचं मला फार मोल वाटतं. नऊनंतर गर्दी वाढली की मात्र ग्लास भरूनच येऊ लागतात, पुन्हा सांगावं लागतं. तीन लार्ज घ्यायचेच असतील तर सरळ क्वार्टर मागवावी: १८० मिली, सील डोळ्यांसमोर फुटतं, मापाचा प्रश्नच मिटतो.

बिलात दोनदा चूक निघाली, दोन्ही वेळा तीच. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो. परमिट रूममध्ये तो १ नोव्हेंबर २०२३ पासून ५ चा १० टक्के झाला. जेवण, सोडा, पाण्याची बाटली यांवर जीएसटी ५ टक्के. म्हणजे जेवण ४०० आणि दारू ६०० असेल तर कर २० अधिक ६०, बिल १०८०. जीएसटी पुऱ्या हजारावर लावला की तोच ५० होतो, ३० रुपये फुकट जातात. दोन्ही वेळा कॅशियरला रकमा वेगळ्या करून दाखवल्यावर त्यानं वाद न घालता बिल बदलून दिलं. सर्व्हिस चार्ज इथं लावत नाहीत. दुसरीकडे कुठं लावला तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तरुण पोरं सोबत असतील तर वयाचा पुरावा जवळ ठेवा. बिअर-वाइनला २१ पूर्ण लागतात, व्हिस्की-रमला २५.

जेवण मात्र दुसऱ्या पेगलाच सांगून ठेवा. स्वयंपाकघर बारच्या आधी बंद होतं आणि भाकरी ऑर्डर गेल्यावरच थापतात, वीसेक मिनिटं लागतात. उशीर केला तर सुक्कं मटण मिळतं, पण गार चपातीबरोबर.