मियू मिनी प्लस, ७ महिने वापरल्यावर: ५१२ केबीच्या एका फाइलने तीन रविवार खाल्ले

जुन्या कन्सोलचे गेम खेळायचं हे हातात मावणारं मशीन. साडेतीन इंची स्क्रीन, ३००० एमएएच बॅटरी वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. मशीन मस्त आहे, बटणं अजून घट्ट आहेत, लोकलमध्ये बसायला मिळालं की रोज खेळतो. लिहायचंय ते बायॉस फाइल्सबद्दल (बायॉस म्हणजे मूळ कन्सोलच्या आतली, तो चालू करणारी छोटी सिस्टीम), कारण त्यापायी गेल्या महिन्यात फार मनस्ताप झाला.

विक्रेत्याने सोबत दिलेलं बिननावाचं एसडी कार्ड (गेम आणि सिस्टीम यावरच असतात) सहाव्या महिन्यात गेलं. फोन केला तर म्हणे वॉरंटी मशीनला आहे, कार्डला नाही. मीच आधी सगळ्यांना सांगायचो की कार्ड फुकट मिळतंय तर वेगळे पैसे कशाला घालता, ते शब्द मागे घेतो. मशीन आलं की पहिल्याच दिवशी चांगलं कार्ड घ्या.

गेम लॅपटॉपवर कॉपी करून ठेवले होते म्हणून मी निवांत होतो. नवीन ६४ जीबीचं कार्ड आणलं, फॅट३२मध्ये फॉरमॅट केलं, ओनियन (या मशीनची मोफत सिस्टीम) टाकलं, रोम्स (गेमच्या फाइल्स) टाकले, प्लेस्टेशनचा टेक्कन ३ लावून बघितलं तर धावलं, झालं काम असं वाटलं. बायॉसचा फोल्डर जुन्या कार्डावरच राहिला हे डोक्यातच आलं नाही. सोनीच्या मालकीचा कोड असल्यामुळे प्लेस्टेशनची बायॉस फाइल मोफत सिस्टीमसोबत मिळत नाही, आपली आपण टाकावी लागते.

मग गेम चालला कसा? तर पीसीएसएक्स रीआर्म्ड हा कोअर (प्लेस्टेशनचे गेम चालवणारा प्रोग्रॅम) खरी बायॉस नसली तरी अडून बसत नाही, स्वतःच बायॉसची नक्कल करून गेम चालू करतो. सुरुवातीला खाली पिवळ्या अक्षरात बायॉस सापडली नाही असं दोन सेकंद येऊन जातं, ते मी वाचलंच नाही. बहुतेक गेम अशा नकलेवर चालतातही, पण प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाच्या (ज्यावर गेम सेव्ह होतो) बाबतीत काही गेम गडबड करतात. माझा ११ तास खेळलेला आरपीजी दुसऱ्या दिवशी म्हणाला, सेव्ह नाही. तेव्हा मी ओनियनला खूप नावं ठेवली, ते चुकलंच माझं, त्यात ओनियनचा काही दोष नव्हता. पीसी इंजिन या दुसऱ्या जुन्या कन्सोलच्या सीडी गेमला सिसकार्ड३ ही त्याची बायॉस नसेल तर गेम सुरूच होत नाही, निओजिओ या कन्सोलचंही तसंच (त्याच्या बायॉसची झिप उघडायची नाही, आहे तशी ठेवायची), आणि मला आता तेच बरं वाटतं, निदान कळतं तरी. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सला एमजीबीए या कोअरवर बायॉस नसली तरी सहसा अडत नाही.

मेलेलं कार्ड रीडरला लावून लावून चौथ्या वेळी कसंबसं वाचलं गेलं आणि फक्त बायॉस फोल्डर काढून घेतला. नवीन कार्डाच्या अगदी मुळाशी बायॉस नावाच्या फोल्डरमध्ये टाकला, तर आता गेमच नाही, नुसती काळी स्क्रीन! एससीपीएच५५०१ या प्लेस्टेशन बायॉस फाइलची साइज बरोबर ५,२४,२८८ बाइट, म्हणून त्या फाइलवर संशय आला नाही आणि दुसरा रविवार सेटिंग्ज उलटसुलट करण्यात गेला. शेवटी लॅपटॉपवर एमडी५ (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) काढला. तो ४९०एफ६६६ई ने सुरू व्हायला हवा, माझा भलताच. कार्ड मरताना फाइल आतून सडली होती, आकार तेवढाच राहिला होता. एससीपीएच१००१ या दुसऱ्या बायॉस फाइलचा मात्र जुळला (९२४ई३९२ई ने सुरू होतो). खराब फाइल उडवली, कोअरने दुसरी उचलली, गेम चालू. म्हणजे साइज बघून काही कळत नाही, एमडी५च बघा, एका मिनिटाचं काम आहे.

खात्रीसाठी कोअरच्या ऑप्शन्समध्ये बायॉसचा बूट लोगो चालू केला, तो मुळात बंद असतो. पांढरी स्क्रीन, मधे तो केशरी चौकोन आणि तो घुमणारा आवाज. गेम पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजून खेळायचो तेव्हा मशीन रीसेट केलं की हाच आवाज यायचा, अंगावर काटा आला. बायको आतून विचारायला आली काय झालं.

एक अजून. नकली बायॉसवर केलेला सेव्ह स्टेट (गेम त्या क्षणी जसा आहे तसा गोठवून ठेवलेला) खऱ्या बायॉसवर उघडला तर माझा गेम जागीच थिजला. स्टेटमध्ये मशीनची अख्खी मेमरी साठवलेली असते, त्यात बायॉसचा भागही आला, बायॉस बदलली की तो जुळत नाही. त्यामुळे आधी बायॉस नीट लावा आणि मगच मोठा गेम सुरू करा, आणि गेमच्या आतला सेव्हही करत चला, नुसत्या स्टेटवर राहू नका.

बायॉस फोल्डर आता लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि भावाकडेही आहे. प्लेस्टेशनची फाइल मोबाइलच्या एका फोटोपेक्षा लहान, तिचा बॅकअप घेतला नाही याची चुटपुट अजून आहे. तो आरपीजी परत पहिल्यापासून लावलाय. काल रात्री पहिल्या सेव्हपर्यंत पोचलो, मशीन पूर्ण बंद केलं, परत चालू केलं, सेव्ह जागेवर होता.