राजारामपुरीतलं मॅटर्निटी होम : आमचे चार दिवस

पहिलंच बाळंतपण म्हणून माहेरी कोल्हापूरला आलेले, हॉस्पिटल आईनेच बघून ठेवलेलं. बुधवारी सकाळी सिझर झालं, मुलगी, वजन २ किलो ८०० ग्रॅम, आणि दुपारपर्यंत बाबांनी आख्ख्या गल्लीत जिलेबी वाटून पण झाली. डॉक्टर मॅडम चांगल्याच आहेत, ऑपरेशन नीट झालं, टाक्यांचा काही त्रास नाही. पण मला लिहायचंय ते रात्रपाळीच्या मोठ्या सिस्टरांबद्दल, कारण आमचे चार दिवस त्यांनीच निभावून नेले.

पहिली रात्र फार वाईट गेली. भूल उतरलेली, टाके ओढत होते, कूस बदलता येईना आणि बाळ रडून रडून लालबुंद. मला खात्रीच झाली की मला दूध नाही. आजी म्हणत होती मधाचं बोट तरी लावा, नवऱ्याने तर मेडिकलमधून पावडरचा डबा आणायला चप्पल घातली होती. तेवढ्यात सिस्टर आल्या. आधी त्याला म्हणाल्या, "चप्पल काढा दादा, काय लागत न्हाई." मग हात धुतले, पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, उकळून ठेवलेली स्टीलची वाटी आणली आणि हाताने दाबून चार-पाच थेंब काढून दाखवले. पिवळे, घट्ट, वाटीच्या बुडाला चिकटून बसलेले. दूध म्हणजे पांढरं आणि भरपूर असंच डोक्यात होतं, त्यामुळे हे काय आहे तेच मला कळेना. आजी म्हणाली हे खराब दूध, टाकून द्या. त्यावर सिस्टर म्हणाल्या, "आजी, म्हैस व्याली की चिकाचा खरवस करून शेजारीपाजारी वाटता न्हवं, मग लेकीच्या चिकाला का नावं ठेवता?" आजी गप्पच झाली. मधसुद्धा वर्षभर चाटवायचा नाही हे तिला तिथंच बसून समजावलं, अजिबात चिडचिड न करता.

चमच्याने ते थेंब पाजले आणि मग बाळ घ्यायला शिकवलं. सिझरमध्ये मांडीवर आडवं घेतलं की टाक्यांवर दाब येतो, म्हणून कुशीला उशी ठेवून बाळ काखेखाली घ्यायचं, पाय माझ्या पाठीकडे. नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भाग पण बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. तीनदा सुटलं, चौथ्यांदा धरलं आणि तिच्या गिळण्याचा बारीक आवाज आला तेव्हा मी रडले, आई पण रडली. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचाभर सुद्धा पुरतं, हे मला नऊ महिन्यात कुणीच सांगितलं नव्हतं!

नंतरच्या रात्री पण त्या दर दोन-अडीच तासांनी येऊन विचारायच्या, पाजलं का, शू किती वेळा झाली. तिसऱ्या दिवशी वजन २ किलो ६२० भरलं तर मी हबकलेच, पण सुरुवातीला थोडं उतरतंच, साधारण दोन आठवड्यात भरून येतं असं त्यांनी आणि बालरोगतज्ज्ञांनी पण सांगितलं. डोळे जरा पिवळे वाटले म्हणून कावीळ तपासली, लाइटखाली ठेवायची गरज पडली नाही. बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस बीचा पहिला डोस सगळं वेळेवर. आणखी एक आवडलं, पावडर कंपनीचं एक कॅलेंडर सुद्धा भिंतीवर नाही. १९९२ च्या कायद्यानेच अशी जाहिरात आणि आईला फुकट सॅम्पल द्यायला बंदी आहे, इथे ते खरंच पाळतात.

आता तक्रार. पॅकेजमध्ये बालरोगतज्ज्ञांची फी धरलेली नव्हती आणि हे आम्हाला बिल हातात आल्यावर कळलं. डिस्चार्ज अकराला सांगून साडेतीनला सोडलं, ओली बाळंतीण आणि चार दिवसांचं बाळ घेऊन काउंटरसमोरच्या बाकावर बसवणं बरोबर नाही. संध्याकाळी भेटायला येणाऱ्यांवर पण काही कंट्रोल नाही, शेजारच्या खोलीत एका वेळी नऊ-दहा माणसं, तीच बाळाला ह्याच्याकडून त्याच्याकडे देत होती. एवढ्यासाठी एक स्टार कमी.

जाणार असाल तर पॅकेजमध्ये काय काय येतं ते आधी लिहून घ्या. जन्मनोंदीचा फॉर्म स्वतः वाचा, आमच्या आडनावाचं स्पेलिंग चुकलं होतं, तिथल्या तिथं बदलून घेतलं, नाहीतर महापालिकेत हेलपाटे. नोंद २१ दिवसांच्या आत जायला लागते, बाळाचं नाव मागाहून घालता येतं. आणि अॅडमिट झाल्या झाल्या विचारा, मोठ्या सिस्टर रात्री ड्युटीला आहेत का. बारशाच्या सकाळी आम्ही वजन करायला गेलो तेव्हा त्यांची पाळी संपत होती, पर्स खांद्याला लावलेली, तरी काट्याजवळ थांबल्या. २ किलो ८५० भरलं. आजीने पदराखालून डबा काढून त्यांच्या हातात दिला, खरवसाचा.