भायलीत घर की तीथलला? वडोदऱ्याच्या मराठी कुटुंबासाठी दोन्हींची झाडाझडती

आधी निकाल सांगून टाकतो. विकत घ्यायचं तर शहरालगतच्या भायलीत, तेही बीयू परमिशन (इमारत वापरण्याची अधिकृत परवानगी) मिळालेल्या आणि दोन पावसाळे खाल्लेल्या इमारतीत. समुद्रकाठच्या तीथलला राहावंसं वाटत असेल तर भाड्याने राहा आणि करार जूनपासून करा. डिसेंबरातलं तीथल कुणालाही आवडतं, त्यावरून काही ठरत नाही.

दांडिया बाजार, रावपुरा भागातलं जुनं घर विकून आलेला पैसा कुठे घालायचा, हा प्रश्न हल्ली बऱ्याच घरांत आहे. मुलगा नोकरीला, म्हणून एक मत भायलीचं. आईवडिलांना मोकळी हवा हवी, म्हणून दुसरं मत वलसाडजवळच्या तीथलचं.

भायली २०२० मध्ये महापालिकेत आली. रस्ते, दिवे आणि ड्रेनेज हळूहळू येतंय, पण प्रत्येक सोसायटीत सारखं नाही. नोकरी अलकापुरी, अकोटा किंवा जुन्या पादरा रोडकडे असेल तर भायलीला तोड नाही. मांजुसर किंवा वाघोडियाच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) असेल तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागतं, आणि मग हे उपनगर निवडण्यात काही अर्थ उरत नाही. ब्रोकर 'पंधरा मिनिटं' म्हणतो तो रविवार सकाळचा हिशेब. सोमवारी साडेनऊला स्वतः गाडी काढून बघा.

पाण्याची खात्री वॉचमनकडून करा, बिल्डरकडून नव्हे. लाइनचं पाणी येतं की बोअरचं, किती वाजता येतं, मे महिन्यात टँकर मागवावा लागतो का, एवढं विचारलं की पुरे. सोबत टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन न्या. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं म्हणतं आणि दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतं. आकडा हजाराच्या वर दिसला तर गीझरची कॉइल, नळ आणि वॉशिंग मशीन यांचं आयुष्य कमी धरा. आरओ पिण्यापुरता असतो, आंघोळीचं पाणी जड ते जडच.

पुराचं नीट बघा. ३१ जुलै २०१९ ला वडोदऱ्यात एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने शहराची काय दशा केली ते सगळ्यांनी पाहिलंय. भायली नदीपासून लांब आहे, पण पाणी नुसतं नदीतूनच येत नाही. शेतं बुजवून सोसायट्या उभ्या राहिल्या की जवळची कांस (पावसाच्या पाण्याचा नाला) तुंबते आणि पाणी सरळ बेसमेंटमध्ये उतरतं. कंपाउंडच्या भिंतीवर आतल्या बाजूने मातकट रेघ दिसते का बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर मीटर रूमच्या दारामागे बघा, तिथे रंगारी पोचत नाही. मीटरचं पॅनल आणि लिफ्टचा कंट्रोल जमिनीपासून निदान छातीइतके वर हवेत. बेसमेंट असेल तर पाणी उपसायचा पंप चालू करून दाखवायला सांगा.

कागद दोन्हीकडे सारखेच, कारण राज्य एकच. स्टॅम्प ड्यूटी ४.९ टक्के आणि नोंदणी १ टक्का. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर नोंदणी फी माफ. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी लागतो, परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसलं तर १ टक्का. बीयू मिळाल्यानंतर पहिल्यांदा विकल्या जाणाऱ्या घरावर किंवा जुन्या घरावर तो नाहीच. बानाखत (विक्रीचा करार) करण्याआधी रेरा या गृहप्रकल्प नियामकाच्या नोंदीतला कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, बघा. जिना-लॉबीचा वाटा धरलेला सुपर बिल्टअपचा आकडा ऐकायला गोड, राहायला निरुपयोगी.

आता तीथल. वलसाड स्टेशनपासून चार-पाच किलोमीटर, काळी वाळू, किनाऱ्याला लागूनच साईबाबांचं आणि स्वामीनारायणाचं मंदिर. पाणी गढूळ, पोहण्यासारखं नाही, पण संध्याकाळी चालायला जागा उत्तम. पावसाळ्यात मात्र वलसाडला वडोदऱ्याच्या दुपटीहून जास्त पाऊस होतो. चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चपलांना बुरशी धरते.

खरं दुखणं खाऱ्या हवेचं. मीठ काँक्रीटमध्ये झिरपून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि वरचं काँक्रीट फोडते. म्हणून किनाऱ्यावरच्या बांधकामाला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात निदान एम ३० (एमपुढचा आकडा मजबुतीचा) काँक्रीट आणि सळईवर ४५ मिमी आच्छादन सांगितलंय. थेट लाटांचे तुषार येत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. समुद्रापासून लांब, कोरड्या जागी एम २० आणि २० मिमीवर भागतं. शहरातल्या सवयीने बांधणारा ठेकेदार समुद्रावरही तेच करतो, आणि सहा-आठ वर्षांनी छज्ज्याखाली तांबूस रेघा उमटतात. नव्या सँपल फ्लॅटवर जाऊ नका. त्याच बिल्डरची आठ-दहा वर्षांची इमारत शोधा, गच्चीवर जा आणि पाण्याच्या टाकीच्या तळाची खालची बाजू बघा. पापुद्रा सुटलाय, सळई उघडी पडलीय, तर पुढे बोलायचं कारण नाही. प्लास्टरवर किल्लीने टकटक करा. पोकळ आवाज आला तर आतून सुटलंय.

घरातही तेच. लोखंडी ग्रिल दरवर्षी खरवडून रंगवावं लागतं. स्टीलच्या रेलिंगला साधं ३०४ ग्रेडचं स्टील लावलं तर त्यावर चहासारखे डाग पडतात. ३१६ महाग, पण तेच टिकतं. खिडक्या यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) घ्या. एसीच्या बाहेरच्या युनिटच्या पंखपट्ट्या बोटाने दाबल्या की भुगा होतात, म्हणून कोटिंगवाली कॉइल घ्या आणि वर्षातून दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन काढा. किनाऱ्याजवळच्या बोअरला उन्हाळ्यात मचूळ पाणी लागू शकतं, तेव्हा ते टीडीएसचं पेन इथेही खिशात असू द्या.

शांत गावाची आणखी एक गोम आहे. अनेक फ्लॅट सुट्टीपुरते घेतलेले असतात. मालक वर्षात दोनदा येणार, मेंटेनन्स थकवणार, मग लिफ्ट बंद आणि पंप बिघडलेला. घेण्याआधी रात्री आठला इमारतीसमोर उभे राहून किती खिडक्यांत दिवे आहेत ते मोजा. निम्मे तरी हवेत.

तीथलहून वडोदऱ्याला रोज जाता येईल का? नाही. वलसाड ते वडोदरा रेल्वेने २०० किमीच्या जवळपास आहे आणि मासिक पास १५० किमीपर्यंतच मिळतो. पहाटेची गुजरात क्वीन आहे, पण रोज तिकीट काढून हे आठवडाभरही झेपत नाही. बुलेट ट्रेनच्या नावाने भाव वाढवणारा दलाल भेटलाच तर त्याला सांगा की तिची स्टेशनं वापी आणि बिलिमोऱ्याला आहेत, वलसाडला नाही. आईवडिलांचं हृदयाचं किंवा किडनीचं मोठं काम असेल तर हेही धरा: वलसाडला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, पण पुढच्या उपचारासाठी बऱ्याचदा सुमारे ७० किमीवरचं सुरत गाठावं लागतं.

प्लॉट घेणाऱ्यांसाठी एक इशारा. किनारा नियमनाखाली ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत सहसा नवं बांधकाम करता येत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांना ५० मीटरची सवलत दिली, पण ती किनारा क्षेत्राच्या मंजूर नकाशावर अवलंबून आहे. नकाशात सर्व्हे नंबर दाखवल्याशिवाय टोकन देऊ नका. आणि जमीन बिनशेती नसेल तर शेतकरी खातेदार नसलेल्याला ती गुजरातेत घेताच येत नाही, 'नंतर एनए करून देतो' ही थाप आहे.

भाडेकरार ११ महिन्यांचा करताना तीन गोष्टी लिहून घ्या: एसीची कॉइल गेली तर खर्च कोणाचा, ग्रिलचा रंग कोणाचा आणि छतातून पाणी आलं तर किती दिवसांत दुरुस्ती. अनामत देण्यापूर्वी मालकाकडून मागच्या वर्षाच्या मेंटेनन्सच्या पावत्या बघायला मागा.