ट्यून केलेली स्कायलाइन: नवशिक्याच्या हातात नको
मुलाचं लायसन्स जेमतेम आठ महिन्यांचं, आणि त्याला हवी होती जपानहून आणलेली निसान स्कायलाइन जीटी-आर आर३४. कागदावर २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती), पण बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब, वाढवलेला. मी स्वतः चालवून पाहिली. २.६ लिटरचं ट्विन-टर्बो इंजिन आधी शांत, मग टर्बो भरले की पाठ सीटला चिकटते. हे वळणात झालं की नवशिक्या घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडतो; वजन पुढे जातं, मागची चाकं पकड सोडतात. स्टिअरिंग मात्र लाजवाब!

राग आला तो गॅरेजचा. ताकद वाढवली, ब्रेक जुनेच. दुसऱ्या उतारावर पेडल मऊ पडलं. टायरवरचे तारखेचे चार आकडे बोटाने पुसून वाचले: नऊ वर्षं जुने. मुलाला सरळ नाही म्हटलं.