सेकंडहँड पीसीतला प्रोसेसर: रात्रभर टेस्ट लावायची की सरळ बदलून बघायचा?

पुतणीच्या लग्नाच्या व्हिडिओंची झिप होती, चाळीसेक जीबीची. पहिल्यांदा उघडली तेव्हा सेव्हन-झिप या झिप उघडणाऱ्या प्रोग्रॅमनं एका फाइलवर सीआरसी एरर दाखवली, म्हणजे फाइलचा पडताळा जुळला नाही. वाटलं, कॉपी करताना बिघडली असेल. पुन्हा उघडली तर ती फाइल नीट निघाली आणि दुसरीच अडकली. तिसऱ्यांदा सगळं ठीक. फाइल खराब असती तर दर वेळी तिथंच अडली असती. इथं जागा बदलत होती, म्हणजे हिशोब करणाराच कुठंतरी चुकत होता. मशीन घरी येऊन तेव्हा दोन दिवस झाले होते आणि दुकानदाराची टेस्टिंग वॉरंटी होती सात दिवसांची.

अशा वेळी पहिला आळ प्रोसेसरवर घेऊ नये, हे खरंच आहे. रॅम, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड हे त्याच्या आधी जातात. म्हणून बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ सेटिंग, डिफॉल्टवर आणलं (आधीच्या मालकानं व्होल्टेज बरंच वर चढवून ठेवलं होतं, तिथंच पाल चुकचुकली), एक्सएमपी (रॅम जास्त वेगानं पळवणारी सेटिंग) बंद केलं आणि रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवरून चार पास चालवलं. रॅम स्वच्छ निघाली. झिप तशीच. इथून पुढं दोन वाटा फुटतात. मी दोन्ही चालून बघितल्या.

पहिली वाट घरबसल्याची: प्राइम९५ किंवा ओसीसीटी असा प्रोसेसरला कामाला जुंपून चुका शोधणारा प्रोग्रॅम लावायचा, झोपायचं, सकाळी बघायचं. पैसे शून्य, स्क्रूड्रायव्हरला हात लावायला नको. प्राइम९५ नं कुठल्या कोरवर (प्रोसेसरमध्ये गणित करणारे असे अनेक कोर असतात) राउंडिंगची, म्हणजे गणिताची चूक दाखवली आणि त्या कोरवरची टेस्ट थांबली, तर संशयाला पुरावा मिळाला. ज्यांना कॅबिनेट उघडायची भीती वाटते त्यांना मी हेच सांगेन, आणि त्यात कमीपणा नाही.

माझ्याकडं रात्रभर सगळं पास झालं. सकाळी चहा घेऊन बसलो, टेस्ट बंद केली, ब्राउझर उघडला आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्याची, १८ नंबरची नोंद: प्रोसेसर कोर, कॅश हायरार्की एरर. खाली एपीआयसी आयडी, म्हणजे चूक कुठल्या कोरवर झाली त्याचा क्रमांक. दुपारी पुन्हा झालं, आयडी तोच.

रात्रभर घाम गाळून न पडणारा ब्राउझर उघडताना का पडतो? सगळे कोर एकदम जुंपले की प्रोसेसर स्वतःच वेग खाली आणतो. एकट्यादुकट्या कोरवर हलकं काम आलं की तोच कोर सर्वात वरच्या वेगाला उडी मारतो. जास्त व्होल्टेजनं झिजलेल्या कोरला त्या वेगाला आता पूर्वीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, ते मिळत नाही आणि तो तिथं घसरतो. त्यामुळं टेस्ट लावायचीच तर एकेका कोरवर लावा. कोअरसायक्लर नावाची स्क्रिप्ट नेमकं हेच करते. तिनं माझा तो कोर दुसऱ्या रात्री पकडला. सर्वात वरचा टर्बो (प्रोसेसरचा कमाल वेग) दोन पायऱ्या खाली आणल्यावर झिपही मुकाट्यानं उघडली. ही खूण मला कुठल्याही टेस्टपेक्षा बोलकी वाटते.

म्हणजे पहिली वाट चुकीची नाही. पण तिची एक गोष्ट मला फार खुपली: ती दिवस खाते. रात्र गेली की वॉरंटीतला एक दिवस गेला. शिवाय पास झालेल्या टेस्टला काही अर्थ नसतो, हे आपल्याला कळतं, दुकानदाराला कळून घ्यायचं नसतं. फोन केला तर म्हणाला, "साहेब, रात्रभर टेस्ट चालली म्हणताय ना? मग प्रोसेसर ओके आहे. विंडोज मारून बघा." माझ्याच तोंडचं वाक्य माझ्यावर उलटलं. कोअरसायक्लरचा स्क्रीनशॉट पाठवला, त्यावर निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. पाचवा दिवस संपला.

दुसरी वाट अदलाबदलीची. त्याच सॉकेटचा (बोर्डावरच्या त्याच खाचेत बसणारा) एक धाकटा, चार कोरचा प्रोसेसर मेहुण्याच्या मशीनमधून रविवारपुरता मागून आणला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट पुसा, नवी लावा, अर्ध्या तासाचं काम. झिप सलग सहा वेळा उघडली, एकदाही कुरकुर नाही. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. धाकटा प्रोसेसर वीजही कमी खातो. दुबळा एसएमपीएस किंवा तापणारा बोर्ड त्याच्याखाली गप्प बसतो आणि थोरल्याखाली ओरडतो. म्हणून उलटी अदलाबदलही हवीच: संशयित प्रोसेसर दुसऱ्याच्या चांगल्या बोर्डावर. मेहुण्याच्या बोर्डावर माझा चढवला आणि तिसऱ्यांदा झिप उघडताना तीच एरर. बोर्ड वेगळा, रॅम वेगळी, एसएमपीएस वेगळा, दुखणं मात्र प्रोसेसरबरोबर चालत आलं.

या वाटेवरही काटे आहेत. एएमडीचा एएम४ सॉकेटचा प्रोसेसर असेल तर पिना प्रोसेसरलाच असतात, १३३१. पेस्ट वाळलेली असली तर कूलर उचलताना प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हातात येतो. आधी मशीन थोडं तापवून घ्या आणि कूलर उचलण्याआधी डावी-उजवीकडं हलकेच फिरवा. पिना वाकवायच्या नसतील तर एएम४ वाल्यांनी आधी टेस्टचीच वाट धरावी, इथं माझा हट्ट नाही.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा जुना डेस्कटॉप प्रोसेसर घेणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथं झीज ही अफवा नाही. गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं, हे कंपनीनंच २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, बायोसबरोबर येते) आले, आणि बॉक्समधल्या प्रोसेसरची वॉरंटी तीनची पाच वर्षं झाली. मायक्रोकोड पुढची झीज थांबवतो, झालेली भरून काढत नाही. त्यामुळं असा प्रोसेसर घेताना मी टेस्टचे निकाल विचारण्याआधी मूळ खोका मागेन, कारण वॉरंटीला लागणारा पूर्ण सिरियल नंबर त्याच्यावर असतो.

सातव्या दिवशी दुपारी कॅबिनेट उचललं आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत, त्या दुकानात गेलो. म्हटलं, माझ्या बोर्डावर नको, तुमच्या काउंटरवरच्या बोर्डावर चढवा. पेनड्राइव्हवर झिप होतीच. पहिल्यांदा उघडली, दुकानदार माझ्याकडं बघून हसला. दुसऱ्यांदा एकाहत्तर टक्क्यांवर लाल ओळ आली. तो काही बोलला नाही, खालचा खण ओढून दुसरा प्रोसेसर काढला. पेस्टचे पैसे मात्र वेगळे लावले.